मुलांची खोली

बडोद्याला ग्रंथपालाचं शिक्षण घेताना मी मुलांच्या वाचनालयाचा विषय निवडला, तो माझ्या पुतणीसाठी. तुळसा रत्नागिरीच्या वाचनालयात डोकावली की शिपाई ओरडायचा, “पळ! तेलकट हात घेऊन आलीस ती!”

मी निघताना ती म्हणाली, “काका, लवकर शिका हो. तोवर मी मोठी झाले तर?”

“वर्षभरात अशी किती मोठी होशील गं?” मी हसलो.

परत आलो तर ती सासरी गेलेली. लहान मुलींची लग्नं बंद करणारा कायदा लागू व्हायच्या आत दादाने लेकीचं लग्न एका बिजवराशी उरकलं होतं. माझ्या परीक्षेत व्यत्यय नको म्हणून मला कळवलंही नव्हतं.

वाचनालयात मुलांची खोली उघडली त्या सकाळी तुळसा दारात आली. अकरा वर्षांची पोर, लुगड्यात अडखळत होती. एका लहानग्या मुलाने तिचं बोट धरलं होतं. मी चित्रांचं पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला.



“मला नको, काका. ह्याला द्या. मी आता ह्याची आई आहे.”