सासूबाईंचा पांढरा डाग

या, जरा जवळ सरकून बसा. दूरदेशीच्या मोकपो गावातल्या उनजूची गोष्ट सांगते; ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल.

त्या सकाळी नवरा कामावर गेला आणि सासूबाई, जोमरेबाई, भाताचा वाडगा बाजूला सारून म्हणाल्या, "सूनबाई, मला खाली, लघवीच्या जागेपाशी, कातडी पांढरी पडलीय. फार खाजतं. डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल."

उनजूच्या हातातला चमचा थांबला. हिवाळा संपल्यापासून तिलाही तिथंच, तसंच होत होतं. मळाचं पुट समजून तिनं अंग घासायच्या खरखरीत हातमोज्यानं ती जागा रक्त येईपर्यंत घासली होती. पुढं गावातल्या बायका एकत्र न्हातात त्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचंच सोडलं. रविवारी सासूसुना तिथं एकमेकींची पाठ चोळायच्या. आता ती गुडघ्याचं निमित्त सांगून घरी राहायची. नवऱ्यालाही तिनं कळू दिलं नव्हतं.

आणि तो हातमोजा दोघींत एकच होता. आपल्यामुळंच म्हातारीला लागण झाली, या विचारानं तिनंही आपला वाडगा बाजूला सारला.

बसमध्ये सासूबाई बुद्धाचं नाव गुणगुणत होत्या. उनजूनं हळूच विचारलं, आई, दाखवायची लाज नाही वाटत?

"याच दुखण्यात लाजून लाजून आमच्या जाऊबाई वर गेल्या, पोरी. शेवटपर्यंत कुणाला दाखवलं नाही."

दवाखान्यात सासूबाईंनी सगळं सांगितलं. कागदासारखी पातळ कातडी, रात्रीची खाज, चोळलं की रक्त. शब्द न् शब्द जणू उनजूच्याच अंगाचा. तिला राहवलं नाही. हे एकीचं दुसरीला लागतं का, तिनं विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा मळही नव्हे. घासणं मात्र आजच बंद करा. मलमानं बहुतेकींचं आटोक्यात राहतं. पण दुर्लक्ष केलं तर एखादीला त्यातून कर्करोगही होतो. म्हणून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी औषध देत नाही."

उनजूच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं मनात बेतही करून टाकला. सासूबाईंच्या मलमातलं थोडं रोज बोटावर घ्यायचं, की झालं. आपल्याला दाखवायची गरजच काय?

नर्स सासूबाईंना आत घेऊन गेली. उनजू बाहेरच्या बाकावर बसली. कितीतरी दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

"तुमच्या सासूबाईंना काहीही झालेलं नाही. कातडी निरोगी आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या म्हणतात, हातमोज्यावरचं रक्त माझं नव्हतं; आता माझ्या सुनेला आत घ्या."

संध्याकाळी देवापुढं हात जोडाल तेव्हा, बायांनो, या जोमरेबाईंची एकदा आठवण काढा.