फुगलेली भिंत

अंगणाच्या उतारावर आमच्या यांनी व्हिडिओ बघून स्वतः बांधलेली भिंत पावसात गरोदर बाईसारखी फुगली होती. बरोबर खाली इंदूकाकींचं स्वयंपाकघर.

"रत्नाकरा, आपल्याकडे गडगा नुसते दगड रचून घालतात. तू सिमेंटने पाणी कोंडलंस," काकी तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"काकी, शंभर वर्षं हलायची नाही."

"मला दोनच पुरेत रे."

आज भिंतीला बोटभर भेग गेली. मी पहार घेऊन बुडाशी भोक पाडू लागले.

"माझी भिंत फोडतेस?" हे ओरडले.

मी थांबले नाही. पाचव्या घावाला गढूळ पाणी पिचकारीसारखं अंगावर उडालं.

हे त्या धारेकडे बघत राहिले. मग माझ्या हातातली पहार काढून घेतली.

"भोकं मी पाडतो. तू आधी काकींना वर आपल्याकडे घेऊन ये."