बोगद्यातला सातवा

"सगळे एका रांगेत उभे? आणि समोर यंत्रमानव?" मेजरनी लाल पेन्सिल उचलली. "एका फटक्यात सातही खलास. पहिल्या जाहिरातीआधीच मालिका गुंडाळावी लागेल तुम्हाला."

लेखिका ओशाळून हसली आणि टेबलावरची बाटल्यांची बुचं पुन्हा इकडेतिकडे मांडू लागली. सात लाल बुचं म्हणजे सैनिक, खडूच्या दोन रेषा म्हणजे चंद्रावरचा बोगदा, आणि टोकाची काड्यापेटी म्हणजे बोगद्याचं लोखंडी दार. भिंतीपलीकडे दुपारचं चित्रीकरण चालू होतं. मधूनच एखादा नकली स्फोट होई आणि बुचं थरथरत.

निवृत्तीनंतर मेजर या अंतराळयुद्धाच्या मालिकेत सल्लागार झाले, त्याला पाच महिने झाले होते. त्यांनाच घ्या म्हणून लेखिकेनं हट्ट धरला होता, असं निर्माता सांगे. धरला ते बरंच झालं, कारण तिला लढाईतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचे सैनिक शिरस्त्राणात दिवा लावून अंधारात शिरत, म्हणजे शत्रूला नेम धरायची आयती सोय. त्यांच्या किरणबंदुका कधी तापत नसत आणि कधी संपतही नसत. कप्तान स्वतःच सगळ्यांच्या पुढे धावे, आणि मागे लक्ष ठेवायला कुणीच नसे.

चूक दिसली की मेजरना राहवत नसे. "तुम्ही दवाखान्यातसुद्धा पेशंटांची रांग सरळ कराल," असं त्यांची बायको म्हणे. एकदा ते बोलायला लागले की लिहून घेणाऱ्याची तारांबळ उडायची, म्हणून लेखिका फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलाच्या कडेला ठेवी.

"हं, वाच पुढे."

ती वाचू लागली. "शत्रूचा जोर वाढतो. कप्तान माघारीचा हुकूम देतो. सहा जण दारातून आत येतात. सातवा घाबरून पळून जातो. दार बंद."

मेजरनी पेन्सिल खाली ठेवली.

चोवीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका चौकीवरच्या चकमकीच्या अहवालात हुबेहूब हेच लिहिलं होतं. सहा परतले, सातवा पळाला. तुकडीचे प्रमुख मेजरच होते आणि तो अहवालही त्यांचाच होता. सहा जणांना सुखरूप आणल्याबद्दल मिळालेलं पदक घरी दिवाणखान्यात लावलेलं होतं. लोक मान देत ते त्या पदकामुळे, आणि ही नोकरीही त्यामुळेच. या पोरीला हे कुठून सुचलं? पण असे प्रसंग शंभर मालिकांत असतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पुढचा प्रसंग घे."

"एकही चूक नाही?" तिचा चेहरा उजळला. "पहिल्यांदाच, सर! आणि मला वाटलं होतं, सातव्याला जड किरणतोफ दिली म्हणून तुम्ही ओरडाल."

मेजरनी गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"जड तोफवाला पळतो कसा?" ते म्हणाले. "माघार घेताना तो सगळ्यांत शेवटी. तो मारा चालू ठेवतो म्हणून बाकीचे दारापर्यंत पोचतात. तो पळाला तर सहाच्या सहा मरतील."

"पण सहा तर वाचलेत."

"म्हणजे तो पळाला नाही."

वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. लेखिका भाबडेपणानं बघत होती.

"मग तो बाहेर कसा राहिला, सर?"

"दार अडकलं, असं लिही."

"मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, असलं दार आपोआप बंद होत नाही. खिटी आतल्या बाजूला असते, कुणीतरी ओढावी लागते."

मेजरनी काड्यापेटी उचलून हातात घेतली. चंद्र, यंत्रमानव, प्लॅस्टिकच्या बंदुका. कुणाला काय कळणार होतं? जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते इथे एका खोट्या कप्तानाच्या नावावर खपून गेलं असतं. त्यांना एकाएकी फार बोलावंसं वाटलं.

"कप्तानानं ओढली," ते म्हणाले. "सहावा आत आला आणि कप्तानानं खिटी ओढली. सातवा वीस पावलांवर होता. थांबायला हवं होतं. पण कप्तान घाबरला."

"सातव्यानं दार वाजवलं असेल?"

"वाजवलं."

"पण चंद्रावर आवाज कुठून येणार, सर?"

"आवाज नको. खिटी धरलेली असते ना, त्या हाताला कळतं."

"किती वेळ?"

"बराच वेळ." त्यांचे डोळे भरून आले होते. लाज वाटत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं थोडं हललं होतं.

"आणि तो पळाला, असं कप्तानानं का सांगितलं?"

"मग काय सांगणार? दार मी लावलं म्हणून? तो सातवा थोडाच साक्ष द्यायला येणार होता." मेजरनी रुमालानं नाक पुसलं. "असंच लिही. एक शब्द बदलू नकोस. आणि कप्तानाचं काम करणाऱ्याला माझ्याकडे पाठव, त्याला मी नीट समजावतो. शूटिंग कधी आहे याचं?"

लेखिकेनं वही मिटली. टेबलाच्या कडेचा फोन उचलून तिनं रेकॉर्डिंग थांबवलं.

"शूटिंग नाही, सर. हा भाग मालिकेत नाहीच, मी फक्त तुमच्यासाठी लिहिला," ती म्हणाली. "माझी आई चोवीस वर्षं पळपुट्याची बायको म्हणून जगतेय."