मास्तरचा कोरडा महिना

"एक महिना थेंबसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हे पोट उतरायला हवं. तुमच्या लिव्हरवर चरबी चढलीय. ती गेली, तरच भावासाठी त्याचा तुकडा काढता येईल."

"सोडली," मास्तर म्हणाला.

शेजारी बसलेल्या वहिनींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. बारा वर्षं रोज संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं की बाटलीचं बूच वर, हा या माणसाचा नेम. तो एका शब्दात मोडणार, यावर कोण विश्वास ठेवणार?

मास्तर शिंपी होता. बाजारात एका जिन्याखाली त्याचं दुकान. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, जन्मात दारूचा वास घेतला नव्हता. पण कावीळ बिघडली आणि त्याचं लिव्हर गेलं. "प्यायला हा आणि भोगतोय तो," असं बाजारातले लोक मास्तरच्या तोंडावर म्हणत. तो मान खाली घालून कात्री चालवत राही.

त्याच आठवड्यात दादाच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या गावी नोकरीला होता.

"काका, माझाही रक्तगट जुळतो. रजा टाकून येतो. निदान तपासण्या तरी करून ठेवू."

"वेडा आहेस का?" मास्तर म्हणाला. "नुकतं लग्न झालंय तुझं. मी धडधाकट बसलेला असताना तुझ्या पोटाला सुरी लावायची? तू तिकडेच थांब."

दादा पलंगावर पडून ऐकत होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पहिले दिवस फार वाईट गेले. हात असे कापत की सुईत दोरा जाईना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला आणि त्याने दुकानात उभं राहून मास्तरची सात पिढ्यांसकट बिनपाण्याने केली. रात्री घामाने अंथरूण भिजे. वहिनी दुपारी डबा घेऊन येत. उकडलेल्या भाज्या, सगळं बिनतेलाचं, जनावरंही नाक मुरडतील असं.

"भावोजी, निभेल ना?"

"दादाचं तोंड बघितलं की निभतं."

ते अगदी खरं होतं. दुकान बंद करून तो दादाकडे जाई, खुर्ची ओढून बसे, शर्ट वर करी आणि गळ्यातली टेप पोटाभोवती गुंडाळे. "बघ दादा, आणखी एक बोट उतरलं." दादाच्या पिवळ्या डोळ्यांत आशा दिसे. ती दिसली की मास्तरची तहान भागायची. दुसरं काहीच नको वाटायचं त्याला.

मग वजनाचा काटा खरोखरच हलू लागला. गाल बसले, गळ्याखालची पिशवी गेली. मास्तरला स्वतःच्याच पँटी उसवून कमरेत आत घ्याव्या लागल्या.

"गिऱ्हाइकांचं काम सोडून स्वतःचंच शिवत बसतोस होय रे?" दादा चेष्टेने म्हणाला. हसताना त्याला धाप लागली. अलीकडे त्याला पाणी पितानाही धाप लागत होती.

वहिनी धास्तावल्या. दुसऱ्या दिवशी डबा ठेवता ठेवता त्यांनी विषय काढला. "मुलाला बोलावून घेऊ का? हाताशी आणखी कुणी असलेलं बरं."

"माझा भरवसा नाही का तुम्हाला?"

वहिनी ओशाळल्या. उठून जायला निघाल्या, पण पुन्हा बसल्या. "तुमच्याबद्दल असं मनात आणणंसुद्धा पाप आहे. तुमची बायको बाळंतपणात अडली होती, त्या दिवशी हे गाडी आणणार होते. 'निघालोच' म्हणत पत्त्यांच्या डावात बसून राहिले. आई गेली, बाळ गेलं. आणि तुम्ही यांना कधी एका शब्दाने बोलला नाहीत."

"जुनं झालं ते, वहिनी."

"असा दीर मिळायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत घरी गेल्या. मुलाला काही त्यांनी बोलावलं नाही.

महिना भरला. मास्तरचं वजन आठ किलोंनी उतरलं होतं. पोटाचे फोटो उजेडात धरून डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने मान डोलावली.

"स्वच्छ झालंय. नवंकोरं म्हणा ना. मी तर पैज हरले असते."

बाहेर दादा चाकांच्या खुर्चीत बसला होता. वहिनींनी त्याच्या गुडघ्यावर शाल टाकली होती. डॉक्टरीणबाईंनी मास्तरला एकट्यालाच आत घेतलं आणि दार लावलं.

"हे मी प्रत्येक देणाऱ्याला एकट्याला विचारते. तुमच्यावर कुणाचं दडपण नाही ना? नको वाटत असेल तर अजून नाही म्हणता येईल. घरच्यांना आम्ही फक्त 'जुळत नाही' एवढंच कळवतो. खरं कारण या खोलीबाहेर जात नाही."

मास्तरने खुर्ची पुढे ओढली.

"आता पुतण्याला बोलावलं, तर त्याची तयारी व्हायला किती दिवस लागतील?"

"दोनतीन आठवडे तरी."

"आणि दादाकडे किती आहेत?"

"आठवडाही नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून तर तुम्ही त्यांना देवासारखे भेटलात."

मास्तरने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. दादाने मोठ्या कष्टाने हात वर केला. मास्तरनेही केला.

"मग कळवा त्यांना," तो म्हणाला, "जुळत नाही म्हणून."