कॉम्प्युटरची पूजा

पडद्यावर पुन्हा तेच आलं: मागितलेलं पान सापडत नाही. विश्वजितनं कपाळावर हात मारला, आणि तेवढ्यात फोन वाजला. सांगलीचे हळदीचे व्यापारी आप्पासो शेटे पोवई नाक्यावर जीप थांबवून घराचा पत्ता विचारत होते.

साताऱ्यात बसून इंटरनेट बघायचं तर त्या काळी पुण्याला एसटीडी लावावा लागे. ते परवडणारं नव्हतं. म्हणून विश्वजितनं इंटरनेटच घरात आणायचं ठरवलं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं आपल्याच कॉम्प्युटरमध्ये सर्व्हर बसवला आणि त्यावर आप्पासोंच्या पेढीची वेबसाइट चढवली. मागणारा तोच डबा, देणारा तोच डबा. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याला ते आणखी छान करायची हुक्की आली. त्यानं दोन-चार फोल्डर इकडचे तिकडे केले आणि सुखातला जीव दुःखात घातला. आता सर्व्हर दार उघडत होता, पण घरात कुणी नाही असंच सांगत होता.

घरात अजून एक सर्व्हर होता, तो मात्र कधी बिघडत नसे. सुभेदार नानासो, विश्वजितचे वडील. फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पोराला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. "तवर एक तरी गिऱ्हाईक दाखव. न्हाईतर एमआयडीसीत गेटवर हुबं ऱ्हायचं. मी शब्द टाकून ठेवलाय." नानासोंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खोटं तर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. गणपतीच्या वर्गणीला मंडळाची पोरं आली तेव्हा विश्वजितनं आतून हळूच विनवलं होतं, "मी नाही म्हणून सांगा." नानासोंनी दारातून खणखणीत सांगितलं होतं, "पलंगाखाली हाय. न्हाई म्हणून सांगा म्हणतोय."

"चालतंय न्हवं?" विश्वजित लुना काढत होता तेव्हा त्यांनी विचारलं.

"चालतंय की," तो चाकाकडं बघत म्हणाला.

"हं," नानासो म्हणाले.

परत येताना पुढं लुना, मागं आप्पासोंची जीप. लाइट गेली म्हणावं, तर रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात पंखे फिरत होते. शेवटी त्यानं खरं सांगून टाकायचं ठरवलं. गेटवरच्या पहारेकऱ्याची टोपी आपल्याला कशी दिसेल, याचाही विचार करून झाला. त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

दारात पाऊल टाकलं आणि तो थबकला.

कॉम्प्युटर पाटावर बसला होता. भोवती रांगोळी, डब्यावर नारळ, कीबोर्डवर झेंडूची फुलं, माउसला हळदीकुंकवाचं बोट. प्लग उपसून वायरीची नीट वेटोळी करून ठेवलेली. शेजारी नानासोंची खुकरी आणि आईची विळी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली, पण नानासोंनी नुसतं पाहिलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"खंडेनवमी हाय," नानासो आप्पासोंना म्हणाले. "ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा न्हाई. मी फौजेत रायफलीला लावला न्हाई."

"आन् समोर दुश्मन आला असता तर?" आप्पासोंनी विचारलं.

"उद्या ये म्हणालो असतो."

विश्वजितला वडिलांच्या पाया पडावंसं वाटलं. चार दिवस त्याला ना वाराचं भान होतं ना तिथीचं. नवमी नेमकी आजच यावी, ही देवीचीच कृपा.

आप्पासोंनी माउसवरची हळद चिमटीत घेऊन चोळली. "सांगलीचीच हाय," ते समाधानानं म्हणाले. मग ते देवघरापाशी गेले आणि घटाला हात जोडून उभे राहिले. जरा जास्तच वेळ.

चहा आला. विश्वजितनं मग तोंडीच सगळं सांगितलं. बशीला पेढी केलं, कपाला सुरतेचं गिऱ्हाईक केलं, आणि भाव इकडून तिकडं कसा जातो ते बिस्किटं फिरवून दाखवलं. ही बिस्किटं कुठंच अडकली नाहीत. आप्पासोंना पटलं. त्यांनी सुरतेहून आलेलं शेवटचं बिस्कीट खाल्लं आणि उठले.

"काम तुझं," जीपमध्ये बसताना ते म्हणाले. "परवा दसऱ्याचं सोनं द्यायला येतो, तवा चालवून दाखव."

विश्वजितला आनंदानं काय करू नि काय नको झालं. "परवा न्हाई आप्पा, दसरा उद्या. आज खंडेनवमी न्हाई का!"

आप्पासो त्याच्या पाठीमागं फाटकात उभ्या असलेल्या नानासोंकडं बघून हसले. "पोरा, तुमच्या घटावर माळा आठच हायत."

जीप गेली. विश्वजित वळला. नानासो ताठ उभे होते, फक्त कान लाल झाले होते.

"माझ्या तोंडाकडं काय बघतोस?" ते गरजले. "वायर लाव आन् आजच काय ते दुरुस्त कर. उद्या खरी खंडेनवमी हाय, हात लावू देणार न्हाई!"