पत्त्यांच्या खोलीतला वास

"मॅडम, परवाना मिळायच्या आधीच इथं दारू चालू केलीत का?" एक्साइजचे निरीक्षक दारातच थांबले.

क्लबच्या सेक्रेटरी सुलभा कोटणीस दचकल्या. सभासदांच्या आग्रहावरून त्यांनीच अर्ज केला होता. बारसाठी ही पत्त्यांची खोली ठरली होती. "नाही हो. कपाटंसुद्धा रिकामी आहेत. बघा ना."

निरीक्षकांनी कपाटं उघडली, टेबलांखाली वाकून पाहिलं. काहीच सापडलं नाही. "मग हा रमचा वास कुठून येतोय?"

सुलभाताई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हालाही येतो?"

"म्हणजे?"

"माझे यजमान इथं बाटली लपवून आणायचे, रोज प्यायचे. त्यातच गेले. तेव्हापासून हा वास येतो. मला एकटीलाच येतो, असं वाटायचं."

निरीक्षकांनी उघडी कपाटं लावून घेतली. मग त्यांनी हळूच विचारलं, "अर्जाचं काय करू?"

"मागे घेते. सभासदांना मी सांगेन काय सांगायचं ते."

निरीक्षकांची गाडी फाटकाबाहेर गेली. सुलभाताई कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपाशी गेल्या आणि पूर्वी रोज संध्याकाळी म्हणायच्या तसंच म्हणाल्या, "चला आता, घरी जाऊ या."