पूलची फी

बिमुर्झामामाच्या गोठ्यात सहा ग्राफिक्स कार्डं, दोन पंखे आणि एक गाय होती. कार्डांच्या उबेने गाय जानेवारीतही निवांत रवंथ करत होती.

"तेकले, तू फिजिक्स शिकलीस ना? मग क्रिप्टो मायनिंगला आताच्यापेक्षा चांगलं कुठलं सॉफ्टवेअर टाकू ते सांग. आणि पूल कुठला घेऊ? एकट्याच्या हाती काही लागत नाही म्हणे, चारचौघांनी मिळून खणावं लागतं. पण मोठे पूल एक टक्का फी कापतात. दिवसाढवळ्या चोरी आहे ही!" मामा मला म्हणाला.

"आणि वीज, मामा? डोंगरातल्या गावांना ती फुकट मिळते, ती यासाठी? व्होल्टेज दोनशेवीसवरून एकशेऐंशीच्या खाली गेलं की बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडतं. काल दोनदा पडलं."

"माझ्या सहा कार्डांनी तुझ्या बापाचा श्वास अडतो होय? जा, वरच्या आळीत जाऊन ओरड! खरे चोर तिथं बसलेत."

वरच्या आळीने खालच्या आळीकडे बोट दाखवलं.

शेवटी रविवारी सगळं गाव चर्चमध्ये जमलं. घरातले दिवे, हीटर, शेगड्या बंद करून या, असं माझ्या सांगण्यावरून पाद्रीबाबांनी बजावलं होतं. मागे घरी फक्त माझे बाबा त्यांच्या यंत्रासह राहिले होते. प्रत्येक घराच्या कर्त्याने संत गिओर्गीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली, "माझ्या घरी मायनिंग चालत नाही." मामाचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

शेवटची शपथ झाल्यावर मी दाराजवळच्या प्लगमध्ये व्होल्टमीटर लावला. त्याने एकशे बावन्न व्होल्ट दाखवले.